विल्मा रुडॉल्फ: बाकावरची वर्षे



१९६० च्या सप्टेंबरात रोमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर वीस वर्षांची एक उंच, सडपातळ कृष्णवर्णीय मुलगी धावली आणि तीन सुवर्णपदके घेऊन गेली. तिचे नाव विल्मा रुडॉल्फ. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदके मिळवणारी ती अमेरिकेची पहिली महिला. तिची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. शाळांच्या स्नेहसंमेलनांत पाहुणे ती हमखास सांगतात. लहानपणी पोलिओने पाय गेला, डॉक्टरांनी आशा सोडली, तरी जिद्दीच्या जोरावर ती जगातील सर्वांत वेगवान स्त्री झाली. एवढे सांगून पाहुणे खाली बसतात, टाळ्या होतात, बक्षीस समारंभ सुरू होतो.

गोष्ट खरी आहे. परंतु ती इतकी घाईने सांगितली जाते की मधली बरीच वर्षे गळून पडतात. पायात कॅलिपर घालून दुसऱ्यांचे खेळ बघत बसण्याची वर्षे, आणि पुढे पाय बरा झाल्यावरही शाळेच्या संघात नुसते बाकावर बसण्याची वर्षे. मला आज त्या वर्षांविषयी अधिक लिहायचे आहे. तीन पदकांविषयी सर्वच जण लिहितात.

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल गावाला लागून असलेल्या एका वस्तीत झाला. त्या वस्तीचे नाव होते सेंट बेथलेहेम! दिवस पूर्ण भरण्याआधीच ती जन्मली. वजन जेमतेम दोन किलो. वडील एड रुडॉल्फ रेल्वेत हमालीचे काम करीत आणि शिवाय मिळेल ती मजुरी करीत. आई ब्लांश गोऱ्या लोकांच्या घरी धुणीभांडी व साफसफाई करी. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून बावीस मुले, त्यांत विल्माचा क्रमांक विसावा. घरात खाणारी तोंडे किती आणि मिळकत किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अशक्त जन्मलेल्या या मुलीला एकामागून एक आजारांनी गाठले. न्यूमोनिया झाला, स्कार्लेट ताप झाला, आणि चार-पाच वर्षांची असताना पोलिओ झाला. पोलिओतून जीव वाचला, पण डावा पाय लुळा पडला. आज आपल्या मुलांना या आजाराचे नावच तेवढे ठाऊक आहे. १९९५ पासून पुढे कितीतरी रविवारी मिस्सा आटोपून आपण आपली बाळे घेऊन पल्स पोलिओच्या बूथवर रांगेत उभे राहिलो, दोन थेंब पाजले, बोटावर शाई लावून घेतली. त्याचे फळ म्हणून २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. विल्माच्या लहानपणी मात्र पोलिओवर लस नव्हती. पहिली लस अमेरिकेत १९५५ साली उपलब्ध झाली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

पाय लुळा असणे हे एक दुःख. त्या काळच्या टेनेसीमध्ये काळ्या कातडीचे असणे हे दुसरे. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बसमध्ये बसण्याच्या जागाही वेगळ्या. क्लार्क्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांना तपासणारा एकच डॉक्टर होता आणि त्याच्याकडे अशा पायावर उपाय नव्हता. उपचार मिळण्यासारखे ठिकाण होते सुमारे ८० किलोमीटरवरील नॅशव्हिल शहरात. तेथे १८७६ साली सुरू झालेले मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय होते. कृष्णवर्णीयांना डॉक्टरकीचे शिक्षण देण्यासाठीच ते काढलेले होते. आठवडाभर दुसऱ्यांच्या घरी राबल्यावर जो दिवस सुट्टीचा मिळे, त्या दिवशी ब्लांश आपल्या मुलीला घेऊन बसने नॅशव्हिल गाठत असे. दोघींनी बसायचे ते बसच्या मागच्या भागात, कारण पुढची बाके गोऱ्यांची. ही वारी दर आठवड्याची होती आणि ती दोन वर्षे चालली.

मेहॅरीच्या डॉक्टरांनी आईला मालिश शिकवले. आईने ते घरातील मोठ्या मुलांना शिकवले. मग दिवसातून चार वेळा, पाळीपाळीने, भावंडे विल्माचा पाय चोळत. कॅलिपर काढून ती चोरून चालते आहे का, यावरही त्यांचेच लक्ष. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा आपण एरवी खर्चाच्या बाजूने विचार करतो. या घरात त्याच संख्येने एका पायाला दिवसाला चार वेळा हात पुरवले. ही मुलगी कधी नीट चालेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती, आईला होती. विल्माने आईचे ऐकायचे ठरवले.

सात वर्षांची होईपर्यंत तिला शाळेत जाता आले नाही. घरीच थोडेफार शिकली. १९४७ साली कॉब प्राथमिक शाळेत तिला एकदम दुसरीच्या वर्गात बसवले. वर्गातील अभ्यास तिला जमत होता. अडचण यायची ती मधल्या सुट्टीत. मुले मैदानावर पळत सुटत आणि ही कॅलिपर घातलेला पाय सांभाळत कडेला बसून राही. काही मुले चिडवत, बहुतेक मुले तिच्याकडे बघतही नसत. मला या दोहोंतील दुसरी गोष्ट अधिक वाईट वाटते. चिडवणारे मूल निदान समोरच्याला पाहते तरी.

कडेला बसून तिने एक गोष्ट मात्र केली. ती खेळ बघत राहिली. बास्केटबॉलमध्ये कोण कुठे धावतो, चेंडू कधी सोडतो, कोण फसवा पवित्रा घेतो, हे सारे तिच्या डोळ्यांत साठत गेले. पुढे कोर्टवर उतरली तेव्हा या बघण्याचा तिला उपयोग झाला. तरीही एखाद्या मुलाला खेळाबाहेर ठेवण्याचे समर्थन म्हणून कोणी हे उदाहरण देऊ नये.

रुडॉल्फ कुटुंब बाप्टिस्ट पंथाचे, देवभीरू, रविवार न चुकवणारे. साधारण नऊ-दहा वर्षांची असताना एका रविवारी विल्माने धाडस केले. कॅलिपर न घालता ती आपल्या पायांनी चर्चमध्ये चालत गेली. सारी मंडळी बघत राहिली. त्यानंतर लगेच कॅलिपर सुटला असे नाही. लांब चालायचे असले, पाय दुखू लागला, की तो पुन्हा चढवावा लागे. बारा वर्षांची झाल्यावर तो कायमचा उतरला आणि आईने तो पेटीत घालून नॅशव्हिलच्या डॉक्टरांना टपालाने परत पाठवून दिला.

आता त्या बाकाची गोष्ट.

सातवीत विल्मा बर्ट हायस्कूलमध्ये आली. तिची मोठी बहीण इव्हॉन आधीपासून तेथे होती व बास्केटबॉल चांगले खेळत असे. शाळेचे प्रशिक्षक क्लिंटन ग्रे यांना इव्हॉन संघात हवी होती. विल्मा नको होती. नुकताच कॅलिपर सुटलेली, काटकुळी, कालपर्यंत आजारी असलेली मुलगी कोणता प्रशिक्षक आपणहून निवडील? ग्रे घरी परवानगी मागायला आले तेव्हा एड रुडॉल्फ यांनी अट घातली. इव्हॉन खेळेल, पण विल्मा तिच्याबरोबर राहील. सामन्यांसाठी परगावी जायचे तर बहिणीला सोबत हवी, असे कारण त्यांनी पुढे केले. ग्रे यांना इव्हॉन हातची घालवायची नव्हती. त्यांनी विल्माचे नाव यादीत घातले.

या बापाविषयी मला फार आदर वाटतो. मुलीला संघात घ्या, तिचीही खेळायची इच्छा आहे, असे सरळ सांगून काही उपयोग होणार नाही हे त्यांनी ओळखले होते. ज्या मुलीला मागणी होती तिच्या जोरावर त्यांनी मागणी नसलेल्या मुलीला दारातून आत सरकवले. बाजारात आपण चांगल्या मालाबरोबर जरा डावा माल खपवतो, तसाच हा व्यवहार म्हणा ना! पण त्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. ज्या गोष्टीवर मुलीचा हक्क असायला हवा होता, ती गोष्ट बापाला सौदा करून मिळवावी लागली.

आणि मिळाले तरी काय? यादीत नाव. विल्मा सरावाला जाई, संघाबरोबर प्रवास करी, आणि सामना सुरू झाला की बाकावर बसे. एक वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरेही गेले. सामन्याचा निकाल आधीच लागलेला असला की शेवटची मिनिटे तिच्या वाट्याला येत. ग्रे तिला डास या अर्थाचे एक टोपणनाव लावून हाक मारीत, कारण ती सतत त्यांच्या कानाशी गुणगुणत असे: मला खेळवा, मला खेळवा. सगळ्यांना त्याची गंमत वाटे. रोज संध्याकाळी घरी जाताना त्या मुलीला काय वाटत असेल, याचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला असेल असे दिसत नाही.

क्लिंटन ग्रे हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. ते मेहनती शिक्षक होते, पुढे त्यांनी विल्माला मनापासून शिकवले. त्यांच्यापुढचा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षकापुढे असतो तोच होता. संघ जिंकला पाहिजे. जिंकायचे तर उत्तम पाच मुली कोर्टवर हव्यात. यात अन्याय कुठे आहे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना न्यायाची जी जुनी व्याख्या आम्हांला पाठ करावी लागे, ती अशी की ज्याचे जे आहे ते त्याला देणे. ऐकायला सोपी आहे. सारी कठीण गोष्ट पुढच्या प्रश्नात असते: कोणाचे काय आहे? रोमच्या शर्यतीत धावण्याची जागा सर्वांत वेगवान धावपटूची, याबद्दल वाद नाही. तेथे दयेपोटी कोणाला उभे केले तर तो दुसऱ्या कोणावर तरी अन्याय होईल. पण बारा वर्षांच्या मुलींचा शाळेचा संघ कशासाठी असतो? तो मुलींसाठी असतो. त्यांचे अंग वाढावे, त्यांना मैत्रिणी मिळाव्यात, हरणे-जिंकणे समजावे, यासाठी शाळा पैसे खर्च करते, मैदान राखते. ढाल मिळाली तर उत्तमच. पण ढालीसाठी शाळा काढलेली नसते. म्हणून त्या मैदानावरील जागेचा काही भाग प्रत्येक मुलीचा असतो. तो तिला देणे हे उपकार नव्हेत. तो रोखून धरणे म्हणजे तिचे घेतलेले न देणे होय. रोमचा नियम सातवीच्या वर्गाला लावणे ही चूक आहे, आणि ती चूक टेनेसीत १९५० च्या सुमारास जितकी सहज होत होती तितकीच आपल्याकडेही होते.

नेमकी येथेच विल्माची प्रसिद्ध गोष्ट घात करते. ती पुढे ऑलिंपिक जिंकली, म्हणून आपण म्हणतो, बघा, तिला बाकावर बसवणारे कसे चुकले! म्हणजे ती जिंकली नसती, तर ते बरोबर होते का? समजा, तिचा पाय पूर्ण बरा झालाच नसता. समजा, ती आयुष्यभर लंगडत चालली असती आणि तिने एकही बास्केट टाकली नसती. तरी त्या बाकावरच्या मुलीचे मैदानावरील देणे होते तेवढेच राहिले असते. तिच्या वयाची, तिच्याच आजाराची हजारो मुले त्या वेळी अमेरिकेत होती. त्यांतील बहुतेकांचे पाय मालिश करूनही बरे झाले नाहीत. कॅलिपरमधील एखाद्या मुलाला आपण विल्माची गोष्ट सांगतो, तेव्हा नकळत असे सुचवतो की तूही जिद्द धर म्हणजे धावशील. ते मूल धावू शकणार नसते, आणि मग त्याला वाटते की आपलीच जिद्द कमी पडली. हे ओझे त्याच्यावर टाकू नये.

अमेरिकेत शाळांनी अपंग मुलांना वगळू नये असा कायदा १९७३ साली झाला. खेळाच्या मैदानावर त्याचा अर्थ काय, हे शाळांना स्पष्ट करून सांगणारे पत्र तेथील शिक्षण खात्याने २०१३ साली काढले. चाळीस वर्षे लागली! शाळांनी आपला संघ निवडताना कस लावू नये असे त्यात नाही. केवळ अपंगत्व पाहून कोणाला आधीच वगळू नका, आणि साधा बदल करून जे मूल खेळू शकते त्याच्यासाठी तो बदल करा, असे त्याचे सार आहे. उदाहरणार्थ, ऐकू न येणाऱ्या धावपटूसाठी शर्यत सुरू करताना पिस्तुलाच्या आवाजाबरोबर दिवाही लावावा. त्याने बाकीच्यांचे काही जात नाही. आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या १६ व्या कलमानुसार सरकारी मान्यता वा अनुदान असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि शिक्षणाबरोबर खेळ व मनोरंजनाचीही संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. कलम वाचले तर स्पष्ट आहे. किती पालकांना ते ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा. मूल शाळेत घेतले हेच उपकार, असे वाटून पालकच गप्प बसतात, आणि खेळाच्या तासाला त्या मुलाला वर्गात दप्तरांवर लक्ष ठेवायला बसवले जाते.

आपल्या धर्मग्रामाच्या सामन्यांना हा कायदा लागू होतो की नाही, यावर वकील वाद घालोत. आपल्याला त्याची वाट पाहण्याची गरज नाही. सुट्टीतील वाडीवाडीच्या सामन्यांत चौदा वर्षांखालील संघात ज्याचे नाव आहे त्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात काही वेळ खेळवावे, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ होईल. ज्या पालकांची मुले आजवर कुंपणापाशी उभी राहून टाळ्या वाजवत आली आहेत, त्यांनी मुलांना काय जमते आणि काय जमत नाही हे संघ बांधणाऱ्या तरुणांना मोकळेपणाने सांगावे. तरुण मुले दुष्टपणाने वगळत नाहीत. कसे खेळवायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

असो. पुन्हा क्लार्क्सव्हिलकडे वळू.

दहावीत ग्रे यांनी अखेर विल्माला पहिल्या पाचांत घेतले. त्या एका हंगामात तिने ८०३ गुण केले. राज्यातील मुलींच्या शालेय बास्केटबॉलमध्ये तो विक्रम ठरला. राज्य स्पर्धेत पंच म्हणून टेनेसी स्टेट विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक एड टेंपल आले होते. हरलेल्या संघातील ही लांब पायांची मुलगी त्यांनी हेरली आणि उन्हाळ्यात सरावाला बोलावले. तेथवर धावण्याच्या शर्यती म्हणजे तिच्यासाठी बास्केटबॉल संपल्यावरचा विरंगुळा होता. १९५६ च्या वसंतात अलाबामातील टस्किगी येथे ती मोठ्या स्पर्धेत उतरली आणि धावलेली प्रत्येक शर्यत हरली. एकही नाही जिंकली! तंत्र काय असते, हे तिला तेथे कळले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती ऑस्ट्रेलियात मेलबर्न ऑलिंपिकला होती. २०० मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाद झाली, पण चौघींच्या रिले शर्यतीत अमेरिकेला कांस्यपदक मिळाले आणि त्यात तिचा वाटा होता. वय सोळा. कॅलिपर जाऊन चारच वर्षे झाली होती.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तिला दिवस गेले आणि १९५८ साली मुलगी झाली. लग्न झालेले नव्हते. अशा प्रसंगी मुलींचे आयुष्य कसे एका रात्रीत बंद होते, हे आपण पाहिले आहे. टेंपल यांचा नियम होता की लेकुरवाळ्या मुलीला आपल्या संघात घ्यायचे नाही. त्यांनी विल्मासाठी तो बाजूला ठेवला. घरच्यांनी बाळ सांभाळले. जे हात पाय चोळायला होते तेच पुन्हा पुढे आले.

रोमचे वर्णन थोडक्यात करतो. १०० मीटरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तिचा घोटा मुरगळला होता. तरीही अंतिम शर्यत तिने ११ सेकंदांत, बरेच अंतर राखून जिंकली. पाठीमागून वारा अधिक असल्यामुळे तो जागतिक विक्रम धरला गेला नाही. २०० मीटर २४ सेकंदांत जिंकली. रिलेत चौघी एकाच विद्यापीठाच्या, टेंपल यांच्याच शिष्या. शेवटच्या टप्प्यात बॅटन हातात घेताना घोटाळा झाला, क्षणभर वाटले आता गेले; तरी तिने मागून येऊन ती शर्यत काढली. तेथील लोक तिच्या मागे वेडे झाले.

रोममध्येच त्या महिन्यात आणखी एक गोष्ट घडली, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. ऑलिंपिक संपून आठवडा झाला आणि १८ सप्टेंबरला त्याच शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू चाकांच्या खुर्च्यांवर बसून आले. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयाचे डॉ. लुडविग गुटमन यांनी आपल्या रुग्णांसाठी १९४८ साली जे सामने सुरू केले होते, ते या वेळी रोमला भरले. आज आपण त्यांनाच पहिले पॅरालिंपिक म्हणतो. खेळाडूंच्या निवासाला पायऱ्या होत्या, त्यामुळे सैनिकांना त्यांना उचलून वर न्यावे लागे. पोप संत जॉन तेविसावे यांनी त्यांना व्हॅटिकनमध्ये भेट दिली. याच सामन्यांच्या परंपरेत १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आपल्या सांगली जिल्ह्याचे जवान मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले होते. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. विल्माचा पाय बरा झाला म्हणून तिला आठवडाभर आधीचे स्टेडियम मिळाले. बरा झाला नसता तर तिची जागा फार तर या दुसऱ्या सामन्यांत असती, आणि जगाला तिचे नाव कळले नसते.

विल्मा घरी परतणार म्हणून क्लार्क्सव्हिलमध्ये सत्काराची तयारी सुरू झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे गोऱ्यांचा कार्यक्रम वेगळा आणि काळ्यांचा वेगळा असा बेत होता. विल्माने निरोप पाठवला की असे असेल तर मी येणार नाही. वीस वर्षांची मोलकरणीची मुलगी राज्याच्या मोठ्या माणसांना हे सांगत होती! बेत बदलावा लागला. ४ ऑक्टोबर १९६० रोजी निघालेली मिरवणूक आणि रात्रीची मेजवानी हे त्या गावातील पहिले असे सार्वजनिक कार्यक्रम ठरले, जेथे दोन्ही वर्णांचे लोक एकत्र बसले. दुसऱ्याला बाहेर ठेवून आत बसण्यात सन्मान नसतो, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते. १९६३ साली आपल्याच गावातील एका उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या आंदोलनातही ती उतरली.

तोपर्यंत तिने धावणे सोडले होते. १९६२ साली, बावीसाव्या वर्षी, आपण शिखरावर असतानाच थांबावे असे तिने ठरवले. १९६३ साली पदवी घेतली आणि कॉब प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवू लागली. हो, तीच शाळा आणि तोच वर्ग, जेथे ती कॅलिपर घालून आली होती. बर्ट हायस्कूलमध्ये मुलींना धावणेही शिकवले. त्या काळी ऑलिंपिकच्या खेळाडूंना पैसे मिळत नसत. तीन सुवर्णपदके घरात असूनही तिला पोटासाठी शहरामागून शहर बदलत नोकऱ्या कराव्या लागल्या. दोन लग्ने झाली, दोन्ही मोडली. चार मुले तिने वाढवली. १९७७ साली आत्मचरित्र लिहिले, त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही निघाला.

१९८१ साली इंडियानापोलिस येथे तिने स्वतःच्या नावाने एक संस्था काढली. गरीब वस्त्यांतील मुलांना खेळाचे प्रशिक्षण फुकट द्यायचे आणि बरोबरीने अभ्यासातही मदत करायची, असे तिचे काम होते. विल्मा स्वतः मुलांबरोबर मैदानावर असे. रोमच्या पदकांपेक्षा या कामाविषयी बोलायला तिला अधिक आवडत असे.

१९९४ च्या उन्हाळ्यात तिला मेंदूचा कर्करोग असल्याचे निदान झाले. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी नॅशव्हिलजवळील आपल्या घरी ती वारली. वय अवघे ५४. टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या सभागृहात हजारो लोक जमले, राज्यभर ध्वज अर्ध्यावर उतरवले गेले. अंत्यविधी क्लार्क्सव्हिलच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये झाला.